जागा अजून मोकळी नव्हती

मशीन चुकत नाही, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या शेजारी राधा शिर्के उभी होती आणि त्याच वाक्याने तिची नोकरी गेली. वर्ष १९७४. अंधेरीला, कुर्ला रोडच्या आत एका कारखान्याच्या शेडमध्ये आमचं कॉम्प्युटर सेंटर होतं. राधा आणि मी तिथे पंचिंगला होतो, म्हणजे मशीनला वाचता यावेत म्हणून कार्डांवर भोकं पाडून आकडे उतरवायचो. ते वाक्य ज्या बाईने खोटं पाडलं ती मालन धुरी. तिच्याबद्दल कुणी कुठे चार ओळी लिहिलेल्या नाहीत, आणि ज्यांनी लिहायला हव्या होत्या त्यांनी श्रेय स्वतःच्या नावावर लावून घेतलं. म्हणून मी लिहितेय.

मालनचे वडील सहदेव धुरी मूळचे कुडाळकडचे, गिरणीत साचेखात्यात मागावर होते. मालन जन्मली लालबागच्या एका खोलीत. आई गाववाल्यांची खाणावळ चालवायची आणि गाववाले त्याच खोलीत पाळीने झोपायचे. दिवसपाळीचे रात्री, रातपाळीचे दिवसा. पुढे मालन शाळेत जायला लागल्यावर आईने हट्ट धरला आणि बिऱ्हाड घाटकोपरला भटवाडीत आलं. तिथे निदान अभ्यासाला एक कोपरा मिळाला. मालन गणितात बी.एस्सी. झाली, मग एका संस्थेत प्रोग्रॅमिंग शिकली आणि अडुसष्ट साली आमच्या सेंटरमध्ये लागली. भटवाडीत कुणालाच तिची नोकरी काय ते कळत नव्हतं. वडील लोकांना सांगायचे, "चेडू यंत्रार आसा," आणि लोकांना वाटायचं तीही गिरणीतच गेली.

दिसायला किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. रागावली की बोलणं थांबवायची आणि पेन टेबलावर आडवं ठेवायची. ते पेन आडवं झालं की आम्ही मुली तिच्या टेबलाकडे फिरकत नसू.

मशीनची खोली इतकी थंड असायची की मे महिन्यातसुद्धा आम्ही स्वेटर घालून आत जायचो, चपला बाहेर काढून. मशीन एकाच वेळी बरीच कामं करायचं. एका गिऱ्हाईकाचा माल, दुसऱ्याच्या परीक्षा, तिसऱ्याचं आणखी काही. सगळ्यांना मिळून मेमरी, म्हणजे आकडे ठेवायची जागा, मात्र एकच, आणि तीही तुटपुंजी. त्यामुळे कुठल्या कामाला कुठली जागा द्यायची, ती परत कधी घ्यायची आणि दुसऱ्याला कधी द्यायची, हा तिथला रोजचा प्रश्न होता.

गिऱ्हाईकांची कामं लवकर लिहिता यावीत म्हणून मालनने दोघांना हाताशी धरून सेंटरची स्वतःची एक भाषा तयार केली होती. तिला नाव नव्हतं, सगळे घरची भाषा म्हणायचे. त्या भाषेत मालनचा एक नियम होता. मी एकदा डबा खाताना विचारलं तेव्हा तिने मला तो सांगितला, आणि तो एवढा सरळ होता की मला वाटलं यात काय मोठंसं. कधी कधी एकाच जागेवर दोन कामं बसलेली असतात. एक काम कार्डं वाचून आकडे तिथे ठेवतं, दुसरं काम तेच आकडे उचलून हिशेब करतं. वाचणारं काम आधी संपतं. म्हणून ती जागा मोकळी झाली असं नाही, दुसरं अजून तिथेच बसलेलं आहे. तेव्हा जागेवर किती जण बसलेत याची मोजदाद मशीननेच ठेवायची, आणि शेवटचा उठल्याशिवाय जागा तिसऱ्याला द्यायची नाही. बस, एवढंच.

बहात्तर साली चंद्रप्रकाश नाडकर्णी मॅनेजर म्हणून आले. परदेशात शिकलेले, कामात हुशार. मूर्ख असते तर मला एवढा राग आला नसता. मुलुंडच्या एका साबणाच्या कारखान्याचं मोठं काम त्यांनी आणलं, मालाचा रोजचा हिशेब. ते इतर कामांच्या जोडीला चालवायचं तर मशीन कमी पडत होतं. नाडकर्णींनी पाहिलं की मालनच्या मोजदादीत वेळ जातो. त्यांनी फर्मान काढलं, मोजदाद बंद. ज्या कामाने जागा मागितली ते संपलं की जागा मोकळी.

त्या मीटिंगला मी नव्हते, पण भिंत पातळ होती आणि मालनचा आवाज सांगितलाच. दुसरं काम अजून आकडे उचलत असताना जागा तिसऱ्याच्या हातात जाईल, असं ती परोपरीने सांगत होती. असं क्वचित होईल, नाडकर्णींचं म्हणणं. क्वचित होईल म्हणूनच ते कुणाला सापडणार नाही, मालनचं म्हणणं. शेवटी ती म्हणाली, "आमच्या खोलीत पाळीवर माणसं झोपायची. माणूस उठल्याशिवाय त्याची वळकटी कुणी उचलत नव्हतं, साहेब."

"मिस धुरी," नाडकर्णी म्हणाले, "हे कॉम्प्युटर सेंटर आहे, चाळ नाही."

सगळे हसले. ते हसणं मला भिंतीपलीकडे ऐकू आलं.

मालनने तो बदल करायला नकार दिला. तो चंदर नावाच्या नव्या प्रोग्रॅमरकडून करून घेतला गेला. चंदर बिचारा सांगितलं ते करणारा. मशीन खरोखरच वेगात धावू लागलं, साबणवाले खूश झाले, नाडकर्णींची वाहवा झाली. काही महिने काहीच बिघडलं नाही. चूक घडायला दोन कामं नेमक्या एकाच घडीला एकमेकांच्या वाटेत यायला लागतात, आणि तशी ती रोज येत नाहीत.

मग आमच्याकडे उपनगर तंत्रपरीक्षा मंडळाचे निकाल आले. लॅबोरेटरी असिस्टंट, ड्राफ्ट्समन, कंपाउंडर अशा परीक्षा हे मंडळ घ्यायचं. कारखान्यांत नाहीतर इस्पितळांत लागायचं असेल तर तो कागद हवा. गुणांची कार्डं राधाने पंच केली. पंच केलेलं प्रत्येक कार्ड दुसऱ्या मुलीने पुन्हा टाइप करून पडताळायचं असतं. दोन्ही जुळलं नाही तर मशीन तिथेच अडतं. राधाची कार्डं पडताळली मी होती.

निकाल लागला, आणि थोड्याच दिवसांत सेंटरच्या फाटकावर एक कोळीण आणि तिची मुलगी येऊन उभ्या राहिल्या. खारदांड्याच्या सोनूबाई आणि सगुणा. सोनूबाई अंधेरीच्या बाजारात मासळी विकायच्या, पाटी तिथेच कुणाच्या तरी राखणीला ठेवून आल्या होत्या. मंडळाने त्यांना सांगितलं होतं की निकाल कॉम्प्युटरने लावलाय, आम्ही काही करू शकत नाही. म्हणून त्या कॉम्प्युटरला भेटायला आल्या होत्या. वॉचमन त्यांना आत सोडेना. साहेबांची तशी ताकीद होती, कारण त्या काही पहिल्याच नव्हत्या.

मालन आणि मी जेवणाच्या सुट्टीत चहाला निघालो होतो. मालन थांबली आणि काय झालं ते तिने विचारलं. सगुणा रसायनशास्त्रात नापास झाली होती, शंभरात तीन. मुलगी मान खाली घालून उभी. बोलल्या त्या सोनूबाई.

"नापास झाली तं झाली, माजं काय म्हननं नाय. पन तीन? माजी पोर तीन तास बसून काय तीन मार्कांचं लिवून आली?"

मालनने सगुणेला पेपरात काय काय विचारलं होतं ते विचारलं. आधी मुलगी अडखळली, मग भडाभडा सांगत सुटली. आम्हां दोघींना त्यातलं रसायन कळत नव्हतं, पण हिला तीन गुण पडणं शक्य नाही एवढं मलाही कळलं. मालनने तिचा बैठक क्रमांक विचारून घेतला आणि सोनूबाईंना म्हणाली, "मावशी, तुम्ही जा आता. मी बघते."

आणखी तक्रारी आल्या तशी मंडळाने सेंटरकडे विचारणा केली. नाडकर्णींनी आम्हां पंचिंगच्या मुलींना उभं केलं. मशीन चुकत नाही, चुकतो तो माणूस, असं त्यांनी आम्हाला इंग्रजीत आणि मग मराठीत ऐकवलं. त्या गठ्ठ्यावर राधाचं नाव होतं. दुसऱ्या दिवसापासून तिने यायचं नाही, असं ठरलं. मी सांगितलं की कार्डं मी पडताळलीत. चूक असती तर दोघींची बोटं एकाच ठिकाणी एकसारखी चुकायला हवीत, तेव्हा काढायचं तर मलाही काढा. नाडकर्णींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. राधाने ड्रॉवरमधला कंगवा आणि रुमाल घेतला आणि ती निघाली. तिचा भाऊ तेव्हा आजारी होता आणि घरात कमावती ती एकटीच. तिने भांडायला हवं होतं असं पुढे बऱ्याच जणांनी मला सुनावलं. भांडायला माणसाला पायाखाली थोडी जमीन लागते, ती तिच्याकडे नव्हती.

मालनने त्या दिवशी पेन आडवं ठेवलं ते ठेवलंच. तिने मंडळाची कार्डं काढली आणि मशीनवर दुसरं काहीही चालू नसताना तेवढंच काम एकटं चालवलं. सगुणेला रसायनशास्त्रात एकाहत्तर.

हे तिने नाडकर्णींना दाखवलं, मीही बरोबर होते. त्यांनी कागद बाजूला सारला आणि म्हणाले, मधल्या काळात कुणीतरी कार्ड बदललं असेल. म्हणजे आता लबाडीचा आळ. कुणावर, ते त्यांनी सांगितलं नाही. पण खोलीत आम्ही दोघीच होतो.

मालन वाद घालत बसली नाही. शनिवारी अर्धा दिवस सुट्टी होती. ती घाटकोपरला मंडळाच्या कचेरीत गेली आणि तिथले परीक्षा अधिकारी भीमराज सोनवणे यांना भेटली. नोकरी जाईल अशी ती गोष्ट होती. आदल्या संध्याकाळी घरी तिने वडिलांना सांगून टाकलं होतं. सहदेव धुरी तेव्हा गिरणीतून निवृत्त झालेले, दम्याने बेजार. ते एवढंच म्हणाले, "तुझा खरा आसा तर भियतंस कित्याक?"

सोनवणे सावध माणूस. मालनचं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं, हो नाही काही म्हटलं नाही. पण सोमवारी दुपारी ते न कळवता सेंटरवर आले आणि कार्डं स्वतःच्या कपाटातून घेऊन आले. मंडळाकडे दुसरी प्रत होती, तीही राधानेच पंच केलेली, पण निकालापासून कुलपात असलेली. आता कार्ड बदलल्याचा प्रश्नच नव्हता. मंडळाचं काम गमावणं नाडकर्णींना परवडणारं नव्हतं, त्यामुळे त्यांना नाही म्हणता येईना. ते म्हणाले, चालवा, बघू.

मशीनच्या खोलीत सोनवणे, नाडकर्णी, चंदर, मालन, आणि कार्डं भरायला मी. आधी काम एकटं चालवलं. निकाल बरोबर, सगुणा एकाहत्तर. मग साबणवाल्यांचं काम जोडीला लावून तीच कार्डं पुन्हा चालवली. प्रिंटर खडखडत कागद बाहेर टाकत होता. सगुणा एकाहत्तर. सगळं जसंच्या तसं.

नाडकर्णी हसले. सोनवण्यांना म्हणाले, चहा घेऊ या. पण मालनने सोनवण्यांना हात करून थांबवलं आणि चंदरकडे वळली. निकालाच्या दिवशी साबणवाल्यांचं काम आधी चालू होतं की मंडळाचं, असं तिने विचारलं. चंदरने नाडकर्णींकडे पाहिलं, मग जमिनीकडे. मग हळूच म्हणाला, साबणवाल्यांचं आधीपासून चालू होतं, आणि महिनाअखेर असल्यामुळे माल खूप होता. त्या एका उत्तरासाठी मी चंदरला बाकी सगळं माफ केलं.

मालनने महिनाअखेरचा गठ्ठा आणायला सांगितला. आधी साबणवाले सुरू केले, ते पुरते रंगात आल्यावर मंडळाचं काम सोडलं. कागद आला. सगुणा पुन्हा एकाहत्तर. पण तिच्या खाली, ड्राफ्ट्समनच्या परीक्षेत, लहू नावाच्या एका मुलाला गणितात दोन गुण. मूळ निकालात तो चांगला पास झालेला होता.

मालन कागदावर बोट ठेवून सांगू लागली. कार्डं वाचणारं काम संपलं, नव्या नियमाने जागा मोकळी धरली गेली. हिशेब करणारं काम अजून त्याच जागेतून गुण उचलत होतं. तेवढ्यात ती जागा साबणवाल्यांना मिळाली आणि त्यांनी आपल्या खोक्यांचे आकडे तिथे टाकले. या लहूला गणिताचे गुण मिळालेले नाहीत, साबणाची दोन खोकी मिळालीत. सगुणेला त्या दिवशी तीन मिळाली होती. पुन्हा चालवलं तर तिसऱ्याच कुणाला मिळतील.

सोनवण्यांनी विचारलं, "कार्डं तिन्ही वेळा तीच होती ना?"

"तीच," मी म्हटलं. मला कुणी विचारलं नव्हतं, पण भरली मी होती.

"मग पंचिंगचा काय संबंध?" सोनवणे नाडकर्णींना म्हणाले. नाडकर्णींनी चष्मा पुसायला घेतला.

इथवरचं सांगून थांबले तर ऐकणाऱ्याला बरं वाटतं. पण पुढे जे झालं त्याचा राग मला अजून येतो.

मंडळाने सगळे निकाल मशीनवर एकेकटे चालवून पुन्हा लावले. सगुणा पास झाली, तिच्यासारखी आणखी बरीच मुलं पास झाली. सोनूबाई मालनसाठी पापलेटं घेऊन फाटकावर आल्या, आणि या वेळी वॉचमनने त्यांना आत सोडलं. सगळं चांगलंच झालं. फक्त मंडळाच्या दारावर जी सूचना लागली तिच्यात लिहिलं होतं की पंचिंगमधील दोषामुळे निकालात सुधारणा करण्यात येत आहे. सेंटरने मंडळाला तशी विनंती केली होती. सोनवणे चांगले होते, पण त्यांच्यावरही कुणी होतंच.

मालन नाडकर्णींच्या केबिनमध्ये गेली, मीही मागोमाग गेले. तिने राधाला परत घ्यायला सांगितलं. नाडकर्णींनी शांतपणे समजावलं की सेंटरचं नाव खराब झालं तर सगळ्यांच्याच नोकऱ्या जातील, तुमच्यासकट. निकाल सुधारला, मुलं पास झाली, आता तुम्हाला आणखी काय हवंय?

मालन म्हणाली, "ज्याने चूक केली त्याचं नाव लिहू नका, साहेब. जिने केली नाही तिचं तरी पुसा."

ते त्यांनी पुसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पंचिंगच्या मुली काम बंद करून हात मांडीवर ठेवून बसलो. दुपारी मुख्य कचेरीतून कुणी साहेब आले, खूप गोड बोलले. मालनची मोजदाद भाषेत परत घातली जाईल, असं कबूल झालं. राधाबद्दल मात्र ते म्हणाले, तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली गेलीय, आता त्या मुलीला कसं काढायचं? किती न्यायाची चाड! आमच्यातल्या काही जणी तेवढ्यावर कामाला लागल्या. घरी पोरंबाळं होती, मी त्यांना बोल लावत नाही.

मोजदाद परत घालायचं काम मालननेच केलं. ते पुरं झालं, महिनाअखेरचा गठ्ठा जोडीला लावून तिने सगळं पुन्हा पुन्हा तपासलं, आणि मग तिने राजीनामा दिला. नाडकर्णींनी तिला निरोप समारंभ देऊ केला. ती गेली नाही.

राधाला पुढे मशीनवरचं काम मिळालं नाही. जाईल तिथे आधीची नोकरी का सुटली म्हणून विचारायचे, आणि खरं सांगितलं तर कुणाला पटायचं नाही. तिने बोरिवलीला शिवणकाम सुरू केलं. सगुणा वांद्र्याच्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये लागली. मालन मुलुंडच्या एका तंत्रशाळेत प्रोग्रॅमिंग शिकवू लागली. तिथे तेव्हा मशीन नव्हतंच, मुलं वहीवर प्रोग्रॅम लिहायची आणि ती डोक्यात चालवून बघायची. मुलांना ती फार कडक वाटायची. मागितलेली जागा कोण कधी सोडणार हे ज्याला सांगता येत नाही, त्याचं बाकी कितीही बरोबर असलं तरी ती त्याला पुन्हा लिहायला लावायची. पुढे तिने तिथल्याच एका विधुर शिक्षकाशी लग्न केलं. त्याची मुलगी अनुपमा मालनच्याच हाताखाली वाढली.

एकोणऐंशी साली अंधेरीच्या एका सभागृहात कॉम्प्युटरवर भाषणं होती. नाडकर्णी मुख्य वक्ते. मी मालनला ओढून घेऊन गेले. एका वेळी अनेक कामं चालवताना जागा कशी राखावी, यावर ते बोलले, आणि आमच्या सेंटरने सुरुवातीपासून ही मोजदादीची पद्धत कटाक्षाने पाळली, असं म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं अंग पेटलं. मी उठून उभी राहणार होते, मालनने माझा पदर धरून मला खाली बसवलं. मला तिचा राग आला, खोटं कशाला सांगू.

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, अगं, निदान एक शब्द तरी बोलायचास. ती म्हणाली, काय बोलायचं? बरोबरच सांगत होता तो, आता त्याला पाठ झालंय. मग आम्ही रस्त्याच्या कडेला उसाचा रस प्यायलो. मी तिला विचारलं, नोकरी सोडल्याचा कधी पस्तावा होतो का गं? मला वाटलं नाही म्हणेल.

"होतो ना," ती म्हणाली. "ते मशीन मला फार आवडायचं. चुकला तो, आणि सोडावं मला लागलं."